अंगठ्याखालचं नाव

आमचे मराठीचे सर हजेरी घ्यायला लागले की बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं, आत कोणावर तरी खटला चाललाय. सर नाव पुकारणार, पोरगं 'हजर सर' म्हणणार, आणि सर पेन खाली ठेवून उरलेल्या वर्गाकडे बघणार. आता वर्गाने सांगायचं, हा 'हजर' कुठल्या सुरातला. एखादी म्हणायची, झोपेतला. सर मान हलवायचे. झोपेतला घशातून येतो, हा दातांतून आला; स्वारीचं घरी वाजलेलं आहे. आणि स्वारी खाली बघून हसायची, कारण सकाळीच बापाने गाडीची चावी काढून घेतलेली असायची. हजेरीतच निम्मा तास संपायचा आणि पोर्शन मागे राहायचा. आम्हा आर्ट्सच्या पोरांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. आम्ही खूष होतो.

सर उंच आणि किडकिडीत. अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशात पेन्सिल, आणि हेल्मेट बायका पर्स अडकवतात तसं कोपरात अडकवलेलं. ते हेल्मेट घेऊनच वर्गात यायचे आणि टेबलावर ठेवून त्याच्यावर हजेरीपट टेकवायचे. बोलताना आवाज कधी चढला नाही, पण साधं 'बस खाली' म्हणाले तरी माणसाला वाटायचं, हे मला काहीतरी लावून बोलले. खरं तर ते फक्त बस म्हणालेले असायचे. त्यांच्या तोंडून निघालेल्या कुठल्याही वाक्याला एक बारीक चिमटा असायचाच, आणि मला वाटतं, त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या तुकडीच्या मराठीच्या बाई कवितेखाली भाव लिहून द्यायच्या. 'कारुण्य.' 'देशप्रेम.' 'निसर्गाची ओढ.' पोरं लिहून घ्यायची, परीक्षेत उतरवायची, मार्क मिळायचे, विषय मिटला. आमच्या सरांना हे भयंकर वाटायचं. 'कवी दुःखी आहे' असं कोणी म्हणालं की ते म्हणायचे, दुःखी म्हणजे नुसती गोणी झाली, तोंड सोडून दाखव आत काय भरलंय. रुसलाय, थकलाय, पस्तावलाय, की नुसती कंबर दुखतेय? आणि मग ठरलेला प्रश्न यायचा, कुठल्या शब्दावर बोट ठेवतेस? बोट ठेवायला शब्द सापडला नाही तर उत्तर बाद. आमच्या वर्गातल्या सगळ्यांच्या पुस्तकांवर बोटांचे तेलकट डाग पडले होते, त्यावरून आमची तुकडी ओळखू यायची.

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. सूर लिहिणाऱ्याचा, हवा वाचणाऱ्याची. म्हणजे काय ते त्यांनी असं समजावलं होतं की आई 'ये, जेवून घे' म्हणते तेव्हा सूर मायेचाच असतो, पण निकाल लपवून ठेवलेल्या पोराला त्याच शब्दांनी स्वयंपाकघराची हवा कशी लागते ते आठवा. वर्गात ज्यांना ज्यांना आठवलं ते सगळे एकदम गप्प झाले. सर म्हणाले, हीच ती हवा. ते मला इतकं पक्कं समजलं की अजून विसरले नाही. मी आता एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. दिवसभर फोन. 'डॉक्टर आहेत का' एवढ्यावरून मला कळतं की कोणाला खरंच आत घ्यायचंय आणि कोण नुसतं सर्टिफिकेट मागायला येतंय. डॉक्टर म्हणतात, बाई, तुमच्या अंगात येतं का. मी म्हणते, नाही हो, मला मराठीला सर होते.

सहलीला बाकीचे वर्ग लेण्यांवर, धबधब्यांवर जायचे. आमचे सर आम्हाला मेन रोडला पाट्या वाचायला घेऊन जायचे. शिंप्याच्या दुकानात पाटी, 'ब्लाऊज तयार झाल्यावर मिळेल. रोज येऊन विचारू नये.' सूर काय? त्रासलेला, म्हणालो आम्ही. सर म्हणाले, त्रासलेला खराच, पण 'रोज येऊन'वर बोट ठेवा, त्याला रोज येणारी एक विशिष्ट बाई डोळ्यांसमोर दिसतेय. आतून शिंपी म्हणाला, बरोबर आहे साहेब, त्या समोरच्या बिल्डिंगमधल्या. पुढे एका फाटकावर लिहिलं होतं, 'येथे गाडी लावल्यास चाकातली हवा सोडण्यात येईल.' आम्ही एका सुरात म्हणालो, धमकी. सर म्हणाले, धमकी देणाऱ्याचे पाय लटपटतायत. 'मी सोडीन' म्हणायची त्याची छाती नाही, म्हणून 'सोडण्यात येईल'च्या मागे लपलाय. आणि त्यांनी आपली स्कूटर तिथेच लावली. परत आलो तर हवा जागच्या जागी होती. सर एवढे खुलले की सगळ्यांना मिसळ खाऊ घातली, आणि वेटरने 'अजून काही?' विचारल्यावर त्याच्याही सुराची चर्चा केली.

घरी काय चालत असेल असं आम्हाला वाटायचं. एकदा काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, कॉलेजात आल्या होत्या, त्यांनीच सांगितलं. मी जेवायला या म्हटलं की हे दारात उभे राहून विचार करतात, मी कुठल्या सुरात म्हटलं. तोवर भाजी निवते आणि मग सूर खरंच बिघडतो. काकूंचा सूर कुठला होता ते आम्हाला लगेच कळलं, पण सर शेजारी उभे होते म्हणून कोणी बोललं नाही.

हल्ली ते निवृत्त आहेत, इंदिरानगरला राहतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून त्यांना काढून टाकलंय. कोणी 'आपला दिवस आनंदात जावो' पाठवलं की सर खाली विचारायचे, हे मनापासून का? टोमणा नसायचा त्यात. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. पूर्वी ते असं विचारत नसत, स्वतःच ठरवून मोकळे व्हायचे. ही विचारायची सवय त्यांना कशी लागली ते मी सांगते, कारण त्या भानगडीच्या मधोमध मी उभी होते.

आधी त्यांच्या अंगठ्याविषयी सांगायला हवं. सर कुठलाही मजकूर वाचताना लिहिणाऱ्याच्या नावावर अंगठा ठेवून वाचायचे. पुस्तक असो, पेपरातलं कात्रण असो, पोरांचा निबंध असो. नाव वाचलं की कान बंद होतात, असं त्यांचं म्हणणं. मोठ्याचं नाव दिसलं की वाक्य उगाच मोठं वाटतं आणि मागच्या बाकावरच्याचं दिसलं की उगाच बावळट. एकदा आमच्यातल्या एका उपद्व्यापी मुलीने कुठून तरी जुना दिवाळी अंक आणला आणि त्यातला एक लेख नाव झाकून त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी वाचला आणि सांगितलं, सूर आढ्यतेखोर, लिहिणाऱ्याला आपल्याला फार कळतं असं वाटतंय. मुलीने कागद बाजूला केला. लेख सरांचाच होता, तरुणपणचा.  सरांनी तो पुन्हा एकदा पाहिला आणि समाधानाने म्हणाले, बरोबर ओळखला की नाही? त्या दिवसापासून अंगठ्यावरचा त्यांचा विश्वास फारच वाढला.

आणि दुसरी त्यांची खोड म्हणजे नोटीस बोर्ड. आमचे प्राचार्य सगळ्या नोटिसा स्वतः मराठीत लिहायचे. ते शिकवायचे इंग्रजी, पण नोटीस मराठीतच हवी असा त्यांचा आग्रह असायचा. बिचारे सुवाच्य अक्षरात, समास सोडून लिहायचे. 'विद्यार्थ्यांनी जिन्यात बसू नये. बसल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल.' मधल्या सुट्टीत बघावं तर खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात, 'सूर: भित्रा. योग्य ती म्हणजे कोणती, हे अजून सुचलेलं नाही.' पोरांची ही गर्दी. हसून हसून पुरेवाट. एकदा मी लवकर आले होते तेव्हा प्राचार्यांना पाहिलं, इकडेतिकडे कोणी नाही असं बघून ते खोडरबराने ती ओळ पुसत होते. शिपायाला सांगता आलं असतं, पण त्याने वाचली असती ना. मला तेव्हाही ते बघून कसंसंच झालं होतं, पण वर्गात गेल्यावर सरांची पुढची ओळ काय असेल याचीच मी वाट बघत बसले.

आता माझं. मी नामपूरची. आमच्या आबांचा, म्हणजे वडिलांचा, बाजारपेठेत छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, कांदा व्यापाऱ्यांची बिलबुकं. चौथीपासून मी प्रूफं वाचते. आबांना बारीक अक्षर दिसत नाही, आणि कार्डात चुलत्याचं नाव राहिलं तर गावात मारामारी होते, त्यामुळे लग्नसराईत माझ्यावाचून त्यांचं पान हलायचं नाही. दहावीनंतर मावशीने हट्ट धरला म्हणून मला पंचवटीत तिच्याकडे ठेवलं. आबांचं मन नव्हतं. मुलगी शहरात ठेवली म्हणून भाऊबंदांनी त्यांना बरंच ऐकवलं होतं. निघताना त्यांनी एकच अट घातली, "एक बी तक्रार उनी, तं तुनं शिक्षण बंद." आबा वाईट नव्हते, घाबरलेले होते. पण अट खरी होती, आणि ती माझ्या मानेवर दोन्ही वर्षं बसून होती.

माझ्या पहिल्याच निबंधावर सरांनी अंगठा ठेवला आणि विचारलं, ही कोणाच्या घरची पत्रिका आहे? विषय हिवाळा होता. मी लिहिलं होतं की थंडीचे शुभागमन झाले असून सर्वांनी ऊबदार कपड्यांसह अगत्याने तिचा स्वीकार करावा. वर्ग खो खो हसला. मी उभी राहून तिखटपणे सांगितलं की आमच्याकडे सगळ्यात भारी कार्डावर हीच भाषा जाते. सर म्हणाले, या मुलीच्या वाक्यांना मांडव घातलेला असतो. माझं नाव पुढे वर्षभर मांडव पडलं. मला राग नाही आला. मला वाटलं, मांडव चांगलाच की.

बारावीच्या लग्नसराईत आबांची फारच धांदल उडाली. मी शनिवारी दुपारची एसटी पकडून घरी जायची, रविवारभर प्रूफं वाचायची, आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत यायची. ती गाडी सटाण्याला रमतगमत थांबायची. सोमवारचा पहिला तास प्राचार्यांचा, इंग्रजीचा. मी दर सोमवारी त्यांच्या धड्याच्या मध्यात दारात उभी. काही सोमवार त्यांनी चालवून घेतलं, मग सांगितलं, माफीनामा लिहून आण.

मी रात्रभर नाही, पण संध्याकाळभर बसून लिहिला. आयुष्यात एवढ्या मोठ्या माणसाला मी पहिल्यांदा काही लिहीत होते. माझ्याकडे होती नव्हती ती सगळी अदब मी त्यात घातली. अजून पाठ आहे मला.

'माननीय प्राचार्य महोदय, साष्टांग नमस्कार विनंती विशेष. श्री कुलस्वामिनीच्या कृपेने व थोरामोठ्यांच्या आशीर्वादाने मी आपल्या महाविद्यालयात शिक्षण घेण्याचे योजिले आहे. तथापि गेले काही सोमवार माझे आगमन उशिरा झाले. तरी आपण मोठ्या मनाने मला क्षमा करावी, ही आग्रहाची विनंती. आपली क्षमा हाच आमचा आहेर. नजरचुकीने एखाद्या सोमवारची माफी मागावयाची राहिली असल्यास हीच माफी समजावी.'

खाली 'आपली नम्र' आणि नाव. पत्रिकेत शेवटी लहान मुलांची नावं टाकून किलबिल लिहितात, ती मात्र मी घातली नाही, एवढी अक्कल मला होती. कागद प्राचार्यांच्या शिपायाकडे देताना मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू.

प्राचार्यांनी वाचला आणि त्यांना कळेना. टिंगल म्हणावी तर मुलगी गरीब दिसते, आणि खरं मानावं तर असं कोण लिहितं. मग त्यांनी कधी नव्हे ते केलं. शिपायाला पाठवून तो कागद आमच्या सरांकडे धाडला आणि विचारलं, यातला सूर कळवावा. इतक्या वर्षांत प्राचार्यांनी सरांचं मत पहिल्यांदा मागितलं होतं. सर हरखले. त्यांनी सवयीप्रमाणे खालच्या नावावर अंगठा ठेवला, वाचलं, आणि स्टाफरूममध्ये डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. काकूंना दाखवायला मोबाईलवर फोटो काढला. मग पेन्सिल काढून कागदाच्या पायथ्याशी लिहिलं, 'सूर: उपरोधिक. हात फार सफाईचा. हवा: वाचणाऱ्याला घाम फुटावा.' आणि कौतुकाने सही ठोकून परत पाठवला.

पुढच्या तासाला मला केबिनमध्ये बोलावणं आलं. प्राचार्य ओरडले नाहीत, ते वाईट होतं. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि पेन्सिलीच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, हे तुमच्याच सरांचं मत आहे. वडिलांना घेऊन ये. तोवर वर्गात बसायचं नाही, आणि हॉल तिकीट ऑफिसातच राहील. परीक्षा तोंडावर आलेली. ऑफिसातल्या बाईंनी नामपूरला फोन लावला तेव्हा मी बाहेर उभी होते. तक्रार आबांपर्यंत पोहोचली, म्हणजे माझं शिक्षण तिथे संपलं.

मी सरळ स्टाफरूममध्ये गेले. रडत नव्हते, तापले होते. सर डबा खात होते. मी म्हटलं, "सर, ते मी मनापासून लिहिलं होतं."

सरांना आधी कळलंच नाही मी कशाबद्दल बोलतेय. मग कळलं, तर तोंडात घास असताना सवयीने म्हणाले, कुठल्या शब्दावर बोट ठेवतेस?

"बोट राहू द्या," मी म्हटलं, "तुम्ही अंगठा काढा आधी."

त्यांनी मोबाईल उचलून तो फोटो उघडला. फोटोतसुद्धा नावावर अंगठा होता. मग मीच म्हणायला सुरुवात केली. सगळा माफीनामा, कुलस्वामिनीपासून, डब्यांच्या वासात उभी राहून, मी आबांना प्रूफ वाचून दाखवते तशी. आहेरापर्यंत आवाज नीट राहिला. पुढच्या ओळीला फुटला. शेवटचे शब्द म्हणून झाल्यावर मी म्हटलं, आमच्या घरी यापेक्षा चांगलं मराठी नाहीये सर.

सरांनी डबा झाकला. मी त्यांना आढ्यतेखोर ठरलेला स्वतःचा लेख वाचून खुशीत हसताना पाहिलं होतं, पण आत्ता जे तोंड झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, मांडवातली मुलगी. मला ओळखू यायला हवं होतं. एवढंच म्हणाले आणि हात न धुता केबिनकडे गेले. थोड्या वेळाने परत आले. प्राचार्यांनी ऐकून घेतलं नव्हतं. सर, तुमच्याच सहीनिशी मत आलंय, आता मुलीला वाचवायला फिरवू नका, असं सांगितलं होतं. आता वडील येऊ देत.

दुसऱ्या दिवशी आबा पहिल्या गाडीने आले. धुतलेला सदरा, टोपी, आणि हातात मोठी कापडी पिशवी, रिकामी. ती कशाला आणलीय ते मला कळलं, आणि मावशीकडचे माझे कपडे मी मनात मोजायला लागले. केबिनमध्ये प्राचार्य, आबा, मी, आणि बोलावलं नव्हतं तरी आमचे सर. प्राचार्यांनी आबांपुढे कागद ठेवला. आबांनी चष्मा लावून ओठ हलवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, उलटून मागे पाहिलं, आणि पुन्हा सरळ केला. मग घाबरून विचारलं, साहेब, यात चुकलं कुठं? कोणाचं नाव राहिलंय का?

प्राचार्य आबांकडे बघत राहिले. मला वाटतं, त्यांना तिथेच कळलं होतं. पण मग त्यांची नजर पेन्सिलीच्या ओळीवर गेली आणि चेहरा पुन्हा आवळला. ते सरांकडे वळून म्हणाले की काल सकाळी तुम्ही म्हणालात उपरोध आहे, दुपारी म्हणालात नाही. ही मुलगी तुमच्याच वर्गातली. तुमच्या वर्गातून जे येतं त्यावर मी कसा विश्वास ठेवू, उद्या हेच बोर्डावर लागायचं.

सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, मला माफ करा साहेब. आणि काय सांगू, ते टोमण्यासारखंच आलं. मलासुद्धा तसंच ऐकू आलं, आणि मला तर माहीत होतं. प्राचार्यांनी विचारलं, हा सूर कुठला, सर? सरांनी पुन्हा प्रयत्न केला. मी मनापासून दिलगीर आहे, म्हणाले. ते पहिल्यापेक्षा वाईट निघालं. आबा बिचारे एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. सरांच्या कपाळावर घाम आला होता. जन्मभर दुसऱ्यांचे सूर ओळखलेला माणूस स्वतःचा एक सरळ सूर शोधत होता आणि त्याला तो सापडत नव्हता. मला त्यांची इतकी दया आली की क्षणभर मी हॉल तिकीट विसरले.

मग सर खुर्चीत बसले, आणि टेबलाकडे बघत बोलले.

"मला सरळ बोलता येत नाही, साहेब. सवय गेली. पण हिने खरं लिहिलंय आणि मी चुकीचं वाचलं. तुम्हाला सगळीकडे टिंगल ऐकू येते, ती मी तुम्हाला ऐकवत आलोय म्हणून. त्यात हिचं काही नाही. हिला परीक्षेला बसू द्या."

 प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. ते म्हणाले की त्या जिन्याच्या नोटिशीला मला खरंच कारवाई सुचली नव्हती. आणि मग घंटा वाजवून शिपायाला माझं हॉल तिकीट आणायला सांगितलं. मला म्हणाले, सोमवारी वेळेवर येत जा. आबांनी तेव्हा पहिल्यांदा विचारलं, कुठला सोमवार? मला सांगावं लागलं, पहिली गाडी, सटाणा, इंग्रजीचा तास.  आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

नोटीस बोर्डावर त्यानंतर पेन्सिलीची ओळ कधी आली नाही. पोरांना फार चुटपुट लागली. वर्गात सर नाव झाकायचं सोडून पहिल्यांदा विचारायचे, कोणी लिहिलंय, कुठलं आहे, घरी कोण असतं, आणि मग वाचायला घ्यायचे. त्यामुळे पोर्शन आणखीच मागे पडला, तो भाग वेगळा.

त्या दिवशी सर आबांना सोडायला स्टँडवर आले. स्कूटर ढकलत, पायी चालत. वाटेत पाट्याच पाट्या होत्या, एकीवरही थांबले नाहीत. आबा आणि मी आपले मागून. आबा मला हळूच म्हणाले, "मी तुले लेवाले उना व्हतू." मी म्हटलं, माहितेय आबा. पिशवी बघितली तेव्हाच कळलं. ते म्हणाले, आता शनिवारी येत जाऊ नको, प्रूफं मोबाईलवर धाडतो. मोबाईलवर प्रूफ म्हणजे पाप, असं म्हणणारा माझा बाप.

नामपूरची गाडी लागलेली होती. आबा दारापर्यंत गेले आणि परत फिरून सरांसमोर येऊन उभे राहिले. त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि मोठ्या माणसाशी बोलायची भाषा ते शोधत होते. ती मिळाली नाही तेव्हा आपल्याच बोलीत म्हणाले, "सर, हाई पास व्हई ना?"

"होईल," सर म्हणाले.

आबांनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. मग त्यांनी ती कापडी पिशवी उलगडली, झटकली, तिची घडी घातली, घडीवर आणखी एक घडी घातली, सदऱ्याच्या खिशात कोंबली, आणि रिकाम्या हातांनी गाडीत चढले.